आवाजासकट

अण्णांनी फुलानं तिसऱ्यांदा पाणी शिंपडलं, आत कुठंतरी फट् असा बारीक आवाज झाला आणि कॉम्प्युटर बंद पडला.

खंडेनवमी होती. देवघरासमोरच्या पाटांवर मागांच्या शेडमधले धोटे होते, पाने होते, कात्र्या होत्या, विळी होती, शिलाई मशीनचं डोकं होतं, आणि मधोमध कॉम्प्युटरचा डबा. पाटावर तो उभा नीट बसेना म्हणून अण्णांनी आडवा केला होता, त्यामुळं बाजूची जाळी वर आली होती. वायर लावून तो चालूही ठेवला होता. माग असो की मोटर, माझे सासरे पूजेआधी यंत्राला जागं करायचे. "झोपलेल्याला कुणी कुंकू लावतं काय?" असं त्यांचं म्हणणं. पूजा झाली की सगळं बंद, आणि मग दसरा उजाडेपर्यंत कुठल्याही हत्याराला हात लावायचा नाही. इचलकरंजी त्या दिवशी मुकी होते. वर्षभर मागांच्या खडखडाटावर आवाज चढवून बोलणारी माणसं त्या दिवशी उगाचच हळू बोलतात.

"गेला की काय," माझा नवरा, गिरीश, म्हणाला.

"जातोय कुठं? निजला." अण्णांनी निरांजन उचललं. "त्यालाबी आज सुट्टी."

मी गार्गीला खांद्यावर घेऊन मागं उभी होते. जाळीवर कुंकवाचे थेंब दिसत होते. अक्षता आत गळून गेल्या होत्या. जळकट वास उदबत्तीतूनही येत होता. आरती संपेपर्यंत मी थांबले, मग म्हणाले, "अहो, त्यात माझे व्हिडिओ आहेत."

सासूबाईंनी, त्यांना आम्ही आत्ती म्हणतो, माझ्या तळहातावर खोबरं-साखर ठेवली.

गार्गी तेव्हा सहा महिन्यांची होती. महिनाभरापूर्वी झोपेतून उठताना तिला काहीतरी व्हायला लागलं होतं. मान पुढं झुकायची, दोन्ही हात कुणाला कवेत घ्यावं तसे उघडायचे, क्षणभर ताठायचे आणि सुटायचे. थोडं थांबून पुन्हा. मग पुन्हा. शेवटी ती रडायची. आत्ती म्हणायच्या, दचकतीय. गिरीश म्हणायचा, सगळीच मुलं दचकतात. गल्लीतल्या डॉक्टरांकडं नेलं, तर तिथं ती शहाण्यासारखी पंख्याकडं बघत पडून राहिली. "पहिलटकरणींना जरा जास्तच दिसतं," डॉक्टर हसत गिरीशला म्हणाले. मला नाही, गिरीशला. "परत करेल तेव्हा दाखवा."

परत करेल तेव्हा दाखवायचं, तर ती करते सकाळी, उशीवर, पाखरासारखी, आणि डॉक्टर असतात चार गल्ल्या पलीकडं. म्हणून मी फोनवर रेकॉर्ड करायला लागले. त्या फोनमध्ये जागा इतकी थोडी, की एक व्हिडिओ झाला की कॉम्प्युटरवर टाकायचा आणि फोनमधला पुसायचा, तेव्हा कुठं दुसरा मावायचा. महिन्याभरात बरेच साठले होते. आणि एक गोष्ट मी कुणाजवळच बोलले नव्हते. त्या महिन्यात गार्गी हसायची थांबली होती. आधी मी पदराआडून तोंड काढलं की ती पायाच्या अंगठ्यापर्यंत हसायची. आता तिची नजर माझ्या चेहऱ्यावर यायची, घसरायची आणि मागच्या भिंतीवर जाऊन थांबायची.

मिरजेच्या एका दवाखान्यात लहान मुलांच्या मेंदूच्या डॉक्टर, डॉक्टर मोडक, पुण्याहून महिन्यातून एकदा यायच्या. आमचा नंबर लागला तो नेमका खंडेनवमीच्या दुपारचा. तो हुकला तर पुढच्या महिन्यात. सकाळी मी सीडी करायला बसले होते, तेवढ्यात अण्णा म्हणाले, आधी देव, मग तुझी सीडी. अर्ध्या तासाचा तर प्रश्न होता. मी उठले होते.

गिरीशनं आमच्या कॉम्प्युटरवाल्याला फोन लावला आणि मला ऐकू यावं म्हणून स्पीकरवर टाकला.

"गिरीशभाऊ, आज नवमी की ओ. माझी सगळी हत्यारं पाटावर. मीच सोवळ्यात बसलोय. परवा येतो."

"वाचेल का?"

"वाचंल की. फॉरमॅट मारून देतो, नव्यासारखा पळंल."

"आतलं?"

"आतलं कशाला पाहिजे? नवीन गाणी देतो भरून."

गिरीशनं फोन ठेवला. "परवा," म्हणाला, जणू मी ऐकलंच नव्हतं.

"परवा डॉक्टर पुण्यात असतील."

"मग तोंडानं सांग. एवढं बारीक बघतीस, तुला पाठ आहे सगळं."

"महिनाभर तोंडानंच सांगतीये. तुम्हाला पटलं?"

तो खिडकीबाहेर बघायला लागला.

मी बीसीएस केलेलं. सोयरीक जमल्यावर अण्णा चारचौघांत सांगायचे, 'आमची सून कॉम्प्युटरची हाय.' लग्नानंतर त्या कॉम्प्युटरच्या सुनेकडं लाइटचं बिल भरणं आणि मागावरच्या डॉबीसाठी विणीच्या डिझाइन छापून देणं एवढंच आलं. पण मला माहीत होतं, डबा बंद पडला म्हणजे आतलं सगळं गेलं असं नसतं. पाणी गेलं ते बहुधा वीज पुरवणाऱ्या भागात. फायली असतात त्या वेगळ्या, पंजाएवढ्या डिस्कवर. ती सोडवायची आणि दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडायची. प्रॅक्टिकलला मी हे एकदाच केलं होतं, आणि तेव्हा सर शेजारी उभे होते.

"मी त्यातली डिस्क काढते," मी म्हणाले.

"कशानं?" अण्णांनी शांतपणे विचारलं.

घरातला एकुलता एक स्क्रू ड्रायव्हर पाटावर होता. मुठीवर हळदीकुंकवाचं बोट, वर झेंडूचं फूल. शेजाऱ्यांकडं मागावा तर त्यांचाही तसाच त्यांच्या पाटावर असणार. अख्ख्या गावात त्या दिवशी एक स्क्रू फिरणार नव्हता.

"उद्या दिवस उजाडला की मीच तुझ्या हातात देतो," अण्णा म्हणाले. "आज न्हाई. एका सालाला नवमीच्या दिवशी माग लावला, त्याच सालाला मागावरच्या हणमाचं बोट गेलं. मी डोळ्यानं बघितलंय."

"मीपण डोळ्यानंच बघतीये, अण्णा. रोज."

"पोरीला काय झालेलं न्हाई. झालं असतं तर आमाला दिसलं नसतं व्हय?"

"मला दिसतंय ना."

"तुला काय, रात्री घड्याळ थांबलं तरी दिसतंय." ते चिडले नव्हते. अण्णा कधी चिडत नसत, म्हणूनच त्यांच्याशी भांडणं अवघड जायचं.

"एसटी चालू आहे का आज?" मी विचारलं.

"आता एसटीचं काय?"

"तिला पण हार घातलाय. ती पण हत्यारच ना ड्रायव्हरचं? ती कशी चालते?"

"ती सरकारची हाय," अण्णा म्हणाले. गिरीशला हसू आलं, ते त्यानं खोकल्यात घालवलं.

"आणि मिरजेच्या बाईंनी आज त्यांच्या सुया पाटावर मांडून ठेवल्या असल्या तर? गार्गीला घेऊन परत यायचं का, उद्या उजाडेपर्यंत?"

मी गार्गीला गिरीशच्या हातात दिलं आणि पाटासमोर गुडघ्यांवर बसले. झेंडूचं फूल उचलून ताम्हनात ठेवलं. मग स्क्रू ड्रायव्हर उचलला.

"ठेव ते खाली," अण्णा म्हणाले.

मी डब्याच्या मागच्या वायरी सोडवल्या.

"तेजस्विनी. ठेव."

लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि माझं अख्खं नाव त्यांनी पहिल्यांदाच घेतलं होतं. मी टोक पहिल्या स्क्रूत बसवलं. ते दोनदा घसरलं. मागं पावलं वाजली आणि आत्तींची सावली माझ्या हातांवर पडली. मला वाटलं, आता मनगट धरतील. त्या वाकल्या आणि माझ्या कोपरापासची समई उचलून लांब ठेवली.

"पदर बघ," म्हणाल्या. "पेटशील."

बाकी काही नाही. मी पदर खोचला आणि स्क्रू फिरवला.

झाकण निघालं तसा वास अंगावर आला. आत लाल पाण्याचे ओघळ होते, वीज पुरवणाऱ्या पेटीच्या पंख्यात अक्षता अडकल्या होत्या, एखाद्या लग्नातून उठून आल्यासारख्या. पण डिस्क कडेच्या खणात होती, कोरडी. तिच्या वायरी मी हळूच ओढून काढल्या. हातात घेतली तेव्हा ती गार होती, आणि वाटली होती त्यापेक्षा जड. गार्गीच्या दुपट्यात गुंडाळून मी ती पिशवीत, दुधाच्या बाटलीशेजारी नाही, वेगळ्या कप्प्यात ठेवली.

अण्णा पायरीवर जाऊन बसले होते. आम्ही निघालो तेव्हा माझ्याकडं न बघता म्हणाले, "पुढं काय झालं, तर मला सांगायला यायचं न्हाई."

"आणि आज काही झालं तर?" मी म्हणाले. ते रस्त्याकडं बघत राहिले.

आत्ती चपला घालत होत्या. "मीबी येते," गिरीशला म्हणाल्या. "पोरीला एसटीत कोण धरणार? ही तर ते लोखंड धरून बसणार."

आणि मी खरंच तेच केलं. गार्गी आत्तींच्या मांडीवर, मी खिडकीशी पिशवी पोटाशी धरून, गिरीश पुढच्या सीटवर. खड्डा आला की मी पिशवी उचलून धरायची. आत्ती एकदा बघून म्हणाल्या, "सहावा महिना असल्यागत धरतीस." मला हसू आलं नाही, पण बरं वाटलं.

नसीमला मी निघतानाच फोन केला होता. ती माझी कॉलेजातली मैत्रीण, मिरजेत स्टेशनजवळ राहायची, आणि तिच्या कॉम्प्युटरचं झाकण कायमचं काढलेलं असायचं, कारण तो तापायचा आणि ती त्याला टेबलफॅन लावायची. दवाखान्याची वेळ व्हायला अजून अवकाश होता. तिच्या अम्मीनं आत्तींना आणि गार्गीला बाहेरच्या खोलीत बसवून घेतलं, आणि आम्ही तिघं आत गेलो.

"पाणी?" नसीम डिस्क हातात घेऊन म्हणाली. "कॉम्प्युटरवर?"

"फुलानं शिंपडलं," गिरीश म्हणाला.

"बरं तर बरं, नारळ नाही फोडला त्याच्यावर." तिनं जीभ चावली. "सॉरी जिजू."

मी वायरी जोडल्या. नसीमनं बटण दाबलं आणि मी डिस्कवर तळहात ठेवला. काहीच नाही. मग अगदी आतून, मांजर घुरघुरतं तशी ती थरथरली. मी नसीमकडं बघितलं. तिनं नुसती मान हलवली.

पडद्यावर डिस्क दिसली. त्यात माझ्या नावाचं फोल्डर दिसलं. मी त्यावर क्लिक केलं आणि चौकट आली, प्रवेश नाही.

"बघ," गिरीश म्हणाला. "म्हणलं होतं."

"काय म्हणाला होतात?"

त्याला ते आठवेना.

"पासवर्ड टाकलेलास का तुझ्या नावाला?" नसीमनं विचारलं.

"हो. घरात कुणी चुकून उडवू नये म्हणून."

"म्हणून अडलंय. हा कॉम्प्युटर तुला ओळखत नाही. फोल्डरचा मालक बदलायला लागेल." तिनं माउस माझ्याकडं सरकवला. "कर तूच. हे मला तूच शिकवलेलंस, परीक्षेच्या आदल्या दिवशी."

मला त्यातलं अर्धंच आठवत होतं. एक चौकट उघडली, चुकली, बंद केली. दुसरी उघडली. मालकाच्या जागी एक लांबलचक आकडा होता, जुन्या कॉम्प्युटरवरची मी. तो काढून मी इथलं नाव निवडलं आणि हो म्हणाले. हिरवी पट्टी सरकायला लागली. बाहेरून आत्तींचा आवाज येत होता, त्या अम्मींना गार्गी कुणासारखी दिसते ते सांगत होत्या. पट्टी संपली.

फोल्डर उघडलं. छोट्या छोट्या चौकटींत गार्गी, गार्गी, गार्गी. प्रत्येक चौकटीत तेच पिवळं दुपटं. नसीमनं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि लगेच काढला, कारण आणखी थोडा वेळ ठेवला असता तर मी रडले असते, हे तिला माहीत होतं.

मी एक व्हिडिओ लावला. गार्गीची मान झुकली, हात उघडले. थांबली. पुन्हा. मग रडणं सुरू झालं आणि त्यावर आत्तींचा आवाज, 'काय न्हाई गं, दचकतीय. ठेव तो फोन, दृष्ट लागंल पोरीला.' पुढचा लावला. त्यात गिरीश. 'तू टक लावून बसतीस म्हणून तुला दिसतं. तीपण तुला बघूनच घाबरत असेल.'

हे मी विसरले होते असं नाही. पण ते बोलणं फोननं इतकं स्वच्छ उचललं असेल, हे मला माहीत नव्हतं. मी उशीशी, फोन गार्गीवर, आणि माझ्या मागं उभं राहून बोलणारे सगळे. माझा आवाज कुठल्याच व्हिडिओत नव्हता.

गिरीशच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. तो नसीमला म्हणाला, "आवाज काढून सीडी करता येते ना?"

"येते की. पाच मिनिटांचं काम."

"मग काढून टाक. डॉक्टरांना बघायचंय, ऐकायचं थोडंच आहे? आईचा आवाज आहे त्यात. परक्या माणसासमोर कशाला."

"नको," मी म्हणाले.

"तेजू, आम्हाला खाली बघायला लावायचंय का तुला?"

नसीम कीबोर्डवरची धूळ बोटानं पुसत राहिली.

लावायचं असेलही. महिनाभर मी त्या घरात खोटी ठरले होते आणि हे सगळं माझ्या बाजूनं बोलत होतं, त्यांच्याच आवाजात. मला त्याची आजही लाज वाटत नाही. पण मी म्हणाले ते दुसरं होतं, आणि तेही तितकंच खरं होतं. "यातलं काय लागेल आणि काय नाही, हे ठरवणारे आपण कोण? मी डॉक्टर नाही, तुम्ही पण नाही. जसं झालं तसं जाईल. आवाजासकट."

"आई समोर बसणार आहे तिथं."

"माहीत आहे."

"तुला काही वाटत नाही?"

"वाटतं. पण गार्गीपेक्षा जास्त नाही."

त्यानं नसीमकडं बघितलं. नसीमनं सीडी खणात घातली आणि मला विचारलं, "आवाजासकट?" मी हो म्हणाले. तिनं बटण दाबलं.

पुढचं सांगण्याआधी हे सांगून टाकते, म्हणजे कुणाचा जीव टांगणीला लागायला नको. गार्गी आता नववीत आहे. चालायला उशिरा लागली, बोलायला त्याहून उशिरा, आणि आता शाळेतून चिठ्ठी येते की वर्गात फार बोलते. गणिताला तिला दुसऱ्यापेक्षा जास्त वेळ लागतो, तो आम्ही देतो. एका गोळीवर ती बरीच वर्षं होती, आता तीही नाही. हे सगळं आज लिहिता येतं. त्या दुपारी दवाखान्याच्या बाकावर यातलं काहीही ठरलेलं नव्हतं.

डॉक्टर मोडकांचं वय पन्नाशीचं असेल. साडीखाली बूट, केसांची घट्ट गाठ. त्यांनी गार्गीला टेबलावर निजवलं, डोळ्यांसमोर लाल लोकरीचा गोंडा फिरवला, हातपाय दुमडून बघितले. गार्गी पंख्याकडं बघत राहिली. हे सगळं मी आधी एकदा बघितलं होतं, आणि पुढचं वाक्यही ऐकलं होतं.

"व्हिडिओ आहेत म्हणाला होतात," त्या म्हणाल्या.

सीडी त्यांच्या लॅपटॉपमध्ये गेली. लॅपटॉप त्यांनी टेबलाच्या कडेला, आम्हा सगळ्यांना दिसेल असा फिरवला. आत्ती गार्गीला घेऊन माझ्या शेजारच्या खुर्चीत. गिरीश उभा, दाराला टेकून. पहिला व्हिडिओ सुरू झाला. आवाज अगदी बारीक होता, जेमतेम ऐकू येईल असा. गिरीशनं सुटकेचा श्वास सोडलेला मी ऐकला.

मान झुकली. हात उघडले. डॉक्टरांचा पेन थांबला.

"परत लावा."

मी परत लावला.

"आवाज वाढवा."

माझ्या बाजूला बटण होतं. मी वाढवला.

"तुम्हाला काय ऐकू येतंय?" त्यांनी गिरीशला विचारलं. "तिची मान पडते, त्याच्या आधी."

गिरीशनं ऐकलं. "काही नाही."

"बरोबर. काही नाही. मूल दचकतं ते कशाला तरी. भांडं पडलं, दार आपटलं, कुणी मोठ्यानं शिंकलं. इथं खोली चिडीचूप आहे. तरी होतंय, थांबतंय आणि परत होतंय, ठरावीक अंतरानं. आणि आता हे." व्हिडिओत गार्गी रडायला लागली होती. "झटक्यांची माळ संपली की रडणं. प्रत्येक वेळी?"

"प्रत्येक वेळी," मी म्हणाले.

"हसणं कमी झालंय का?"

ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. "थांबलंय," मी म्हणाले, आणि माझा आवाज मला ओळखू आला नाही. "महिना झाला."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "हे दचकणं नाही. हे झटके आहेत, याच वयात येणारे, आणि दिसायला इतके किरकोळ की घरोघरी ओळखायचे राहून जातात. ते जितके दिवस चालतील तितकं हिचं नुकसान. आत्ता मेंदूचा आलेख काढू. मला जे वाटतंय तेच त्यात दिसलं, तर औषध आज संध्याकाळी सुरू. उद्या नाही, आज. दाखल व्हायची तयारी आहे?"

"आहे," गिरीश म्हणाला. माझ्याआधी म्हणाला.

त्यांनी कागद ओढला. "मला सगळे बघायचेत. पहिल्या दिवसापासून काय काय बदललं ते कळेल. पुढचा लावा."

मी पुढचा लावला. तो आत्तींचा होता, मला माहीत होतं. खोलीत गार्गीचं रडणं भरलं आणि त्यावर तो आवाज आला, आता मोठा, टेबलावरून सगळ्यांच्या अंगावर येणारा. 'काय न्हाई गं, दचकतीय. ठेव तो फोन, दृष्ट लागंल पोरीला.'

"तुमच्याशिवाय आणखी कुणी हे जवळून बघितलंय का?" डॉक्टर लिहिता लिहिता म्हणाल्या. "त्यांनाही विचारायला लागेल मला. हा आवाज कुणाचा?"

त्या रागावल्या नव्हत्या. त्यांना फक्त साक्षीदार हवा होता. पण गिरीश माझ्याकडं बघत होता, आणि त्याच्या नजरेत हात जोडलेले होते. एसटीत मी या क्षणाचा खूप विचार केला होता. त्यात मी ताठ बसलेली असायचे आणि 'माझ्या सासूबाईंचा' असं स्पष्ट म्हणायचे. आता तो क्षण आला होता आणि मी तोंड उघडलं ते, 'घरात सगळेच म्हणायचे' असं काहीतरी गुळमुळीत सांगायला.

"माझा," आत्ती म्हणाल्या.

त्यांनी गार्गीला मांडीवर नीट घेतलं, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि डॉक्टरांकडं सरळ बघितलं. "मी म्हणाले हुतं, दचकतीय. मीच. पुढच्यातबी मीच हाय, आणि त्याच्या पुढच्यातबी. विचारा काय विचारायचं ते. मी रोज बघितलंय."

डॉक्टरांनी मान हलवली आणि पेन पुढं सरकवला. मी पुढच्या व्हिडिओवर क्लिक केलं. दुसरा हात माझ्याही नकळत आवाजाच्या बटणावर गेला होता, कमी करायला.

आत्तींनी ते बघितलं.

"असू दे," त्या म्हणाल्या. "मलाबी ऐकू दे."